बंब कोणाच्या पैशातून येतो? (इयत्ता सहावी, नागरिकशास्त्र: पूरक पाठ)



14 एप्रिलला आपण शाळेत बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. देशात त्याच दिवशी अग्निशमन सेवा दिनही असतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच वेळी भरलेली होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आणि पुढचा आठवडा पाळला जातो.

या आठवड्यात आपण मुलांकडून 101 आणि 112 हे क्रमांक पाठ करून घेतो. ते गरजेचंच आहे. पण फोन केल्यावर येणारी गाडी कोणी घेतली, ती उभी राहते ती इमारत कोणी बांधली, चालकाचा पगार कोण देतं, हे आपण सहसा सांगत नाही. सहावीत ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्था हे दोन पाठ आहेत. त्यांना जोडून हा विषय घेतला, तर मुलांना कर, अनुदान आणि ग्रामसभा हे शब्द एकदम आपले वाटायला लागतात.

1. सुरुवात शब्दापासून करा

फळ्यावर 'बंब' लिहा आणि अर्थ विचारा. कोणी म्हणेल आग विझवणारी गाडी, कोणी म्हणेल आजीकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब. दोन्ही बरोबर. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' वरून आला असं मानतात, आणि बोंबा म्हणजे पंप. म्हणजे मुळात बंब हे पाणी ढकलणारं यंत्र. मग मुलांना विचारा, 'आपल्या गावात आग लागली तर पाणी ढकलणारं यंत्र कुठून येईल?' इथून खरा पाठ सुरू होतो.

2. शहराच्या यादीत आहे, गावाच्या यादीत नाही

1992 साली 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती झाली. त्यातून राज्यघटनेत दोन याद्या आल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे 29 विषय आहेत आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे द्यायचे 18 विषय. बाराव्या अनुसूचीतला सातवा विषय आहे अग्निशमन सेवा. अकराव्या अनुसूचीत शेती, पिण्याचं पाणी, रस्ते, शाळा, वाचनालय, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. अग्निशमन मात्र नाही.

याचा परिणाम आपल्या जिल्ह्यात स्पष्ट दिसतो. छत्रपती संभाजीनगर महापालिकेचं पदमपुऱ्यात अग्निशमन केंद्र आहे, सिडकोतही आहे. वाळूजला एमआयडीसीची स्वतंत्र व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावी, म्हणजे पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड इथे नगरपरिषदा आहेत आणि आग विझवणं हे कायद्याने त्यांचं आवश्यक काम आहे. पण ती जबाबदारी त्यांच्या हद्दीपुरती. हद्दीबाहेर कडब्याची गंजी पेटली, तर शेजारधर्म म्हणून बंब येतो. तो येईपर्यंत गावकरी बादल्या आणि फवारणीचे पंप घेऊन झुंजत असतात.

शहरात केंद्र असूनही आगीत माणसं जातात, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगा. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्यात 6 कामगार गेले. 3 एप्रिल 2024 च्या पहाटे छावणी भागात कपड्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणारे एकाच कुटुंबातले 7 जण गुदमरून गेले. आग आणि धूर फार वेळ देत नाहीत. म्हणून बंब किती लांब आहे हा प्रश्न जिवाचा आहे.

3. पाच मिनिटांचं गणित

समजा, बंब 30 किलोमीटरवर आहे आणि आपल्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने येतो. किती वेळ लागेल? 45 मिनिटं. आता समजा, बंबात 5,000 लिटर पाणी आहे आणि पाइपमधून मिनिटाला 500 लिटर जातं. किती वेळ पुरेल? 10 मिनिटं. नंतर तो कुठे भरायचा? विहिरीवर, शेततळ्यावर, पाण्याच्या टाकीवर? हे उत्तर मुलांनी आपल्या गावाच्या नकाशावर खूण करून द्यायचं. इथे मुलं गप्प होतात आणि विचार करायला लागतात, तेच आपल्याला हवं आहे.

4. पैसा कुठून येतो?

हे वहीत चार ओळींत लिहून द्या.

• कर: शहरात मालमत्ता कर, गावात घरपट्टी. महापालिकेचा बंब चालतो तो असल्या उत्पन्नावरही.

• शुल्क: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारत बांधताना अग्निशमन सेवा शुल्क घेतलं जातं. याच कायद्याने इमारतीतली आग विझवण्याची साधनं चालू आहेत असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं.

• अनुदान: पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने जुलै 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यासाठी 5,000 कोटींची योजना आणली. आपल्यासारख्या राज्याने प्रकल्पाच्या खर्चात 25 टक्के वाटा घालायचा, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांनी 10 टक्के. शेकडेवारीचं उदाहरण इथेच घ्या: प्रकल्प 4 कोटींचा असेल तर राज्याचे किती? 1 कोटी.

• सीएसआर: कंपनी कायदा, 2013 नुसार मोठ्या, नफ्यातल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. त्यात 2019 पासून आपत्ती व्यवस्थापनही आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आपल्या दारात आहेत. आसपासच्या गावांनी हे दार ठोठवायला हरकत नाही.

5. घेणं एकदाचं, सांभाळणं कायमचं

या पाठाचा गाभा हाच. घरातलं उदाहरण द्या. मोटारसायकल एकदा घेतली जाते, पण पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा हे चालूच राहतं. बंबाचंही तसंच. गाडी आणि इमारत हा एकदाचा, म्हणजे भांडवली खर्च. डिझेल, बॅटरी, टायर, पाइप बदलणं, चालकाचा आणि जवानांचा पगार हा दरवर्षीचा, म्हणजे महसुली खर्च.

अनुदान आणि देणगी बहुतेक वेळा पहिल्या प्रकारासाठी मिळते. फीत कापता येते, फोटो निघतो. दुसऱ्या खर्चासाठी समारंभ होत नाही. पण चालक नसला, बॅटरी उतरलेली असली, पाइपला भोक असलं, तर लाखोंची गाडी नुसती शेडमध्ये उभी. म्हणून कोणी 'आम्ही गावाला बंब देतो' म्हटलं, तर गावाने आधी विचारावं: पुढची दहा वर्षं डिझेल कोण भरणार? रात्री दोन वाजता किल्ली कोणाकडे असेल?

6. स्वयंसेवक फुकट मिळतात, सामान नाही

चिलीमध्ये आग विझवणारे सगळे स्वयंसेवक आहेत, पगार न घेणारे. त्यांची पहिली तुकडी 1851 मध्ये वाल्पाराइसो या बंदराच्या शहरात उभी राहिली. जर्मनीत असे सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत. तिथे माणसं आपला वेळ देतात, पण गाडी आणि केंद्राची इमारत याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची असते. चिलीत सरकारी पैसा येतो आणि लोकवर्गणीही. नुसत्या उत्साहावर कुठेच आग विझत नाही.

आपल्याकडेही माणसं आहेत. आगीच्या वेळी सगळ्यांत आधी धावतात ती गावातलीच पोरं. 'आपदा मित्र' योजनेत देशभरात स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि साहित्याचा संच दिला गेला. अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो. याला जोड हवी ती साध्या सामानाची: ट्रॅक्टरला जोडायचा पाण्याचा टँकर, डिझेल पंप, लांब पाइप, हेल्मेट, बूट, हातमोजे, आणि सामान ठेवायला एक कुलपाची खोली.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, 2021 ते 2026, ग्रामपंचायतीच्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची, अशी वाटणी होती. पण गरज आराखड्यात आली तरच तिच्यावर पैसा पडतो, आणि आराखड्यात ती येते ग्रामसभेत कोणी बोललं तर. पालकहो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

7. वर्गात करायचे उपक्रम

1. गावाच्या नकाशावर विहिरी, शेततळी, टाकी, गंज्या आणि बंबाला आत येता येईल असे रस्ते दाखवा.
2. जवळच्या बंबाचं अंतर काढा आणि वेळेचं गणित सोडवा.
3. वरच्या सामानाचे भाव दुकानात विचारून अंदाजपत्रक करा. दोन रकाने ठेवा: एकदाचा खर्च, दरवर्षीचा खर्च.
4. सरपंचांना पत्र लिहा. भाषेच्या तासाचं औपचारिक पत्रलेखन इथेच होऊन जातं.
5. बालसभेत ठराव मांडा आणि पालकांमार्फत ग्रामसभेत पाठवा.

एक सूचना ठळक अक्षरात: मुलांनी आग विझवायला जायचं नाही. दूर व्हायचं, मोठ्यांना हाक मारायची, फोन करायचा. धूर असेल तर खाली वाकून बाहेर पडायचं.

8. आधी आपली शाळा

16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून 94 मुलं गेली. या घटनेनंतरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की शाळेत आग विझवण्याची साधनं असलीच पाहिजेत आणि शिक्षकांना ती वापरता आली पाहिजेत. आपल्याकडे पोषण आहाराची चूल किंवा गॅस रोज पेटतो. तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं खाली उतरवून बघा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? भरल्याची तारीख काय आहे? पुन्हा भरायचं असेल तर तो खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा. घेणं एकदाचं आणि सांभाळणं कायमचं, हा धडा आपल्या शाळेच्या भिंतीवरही टांगलेला आहे.