घन कुठून आला?

सकाळी साडेसातला क्लासच्या सरांचा फोन आला. "भाऊ, सतराव्या प्रश्नात एक्सचा घन कुठून आला?" पोरं पेपर सोडवायला बसली होती आणि दोनशे प्रती आदल्या रात्री मीच छापून, स्टेपल मारून दिल्या होत्या.

ही २००९ सालची गोष्ट. नाशिकला अशोक स्तंभाजवळ माझं डीटीपीचं छोटं दुकान. सर सीईटीचे सराव पेपर हाताने लिहून आणायचे, मी ते पेजमेकरमध्ये लावायचो. त्या रात्री आठ पानांचा पेपर सहा पानांत बसवायचा होता. मी सगळा मजकूर सिलेक्ट केला आणि सरसकट टाइम्स फॉन्ट दिला. पानं बसली, मी शटर ओढलं.

सरांच्या कागदावर ‘एक्स ≥ ५’ होतं, छापून आलं ‘एक्स ³ ५’. ≠ च्या जागी वर चढलेला बारीक एक, तर √ च्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ओ. तो ओ पोरांनी लगेच दाखवला. घन ध्यानात यायला वीस मिनिटं गेली. पण ‘पाय’चा साधा पी झालाय हे तासभर कुणालाच कळलं नाही. एका गणितात पी आधीच होता, तिथे आता दोन झाले. पोरं बिचारी दोन्ही एकच धरून सोडवत बसली. पेपर पुन्हा घ्यावा लागला, छपाई माझ्या खिशातून गेली.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. चुकीसारखी दिसणारी चूक सापडते, गणितासारखी दिसणारी चूक घात करते.

झालं होतं असं. चिन्हं मी सिम्बॉल फॉन्टमध्ये टाईप केली होती. त्या फॉन्टमध्ये १७९ नंबरच्या घरात ≥ राहतं. टाइम्समध्ये त्याच घरात वर चढलेला तीन. फाइलमध्ये साठतो तो फक्त घर नंबर. फॉन्ट बदलला की भाडेकरू बदलतो. जुन्या श्रीलिपी मराठी फॉन्टमध्ये काम केलेल्यांना हे नवं नाही. पण मराठीची गिचमिड झाली तर शेंबडं पोरही ओळखतं, गणिताची ओळखू येत नाही. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक चिन्हाला स्वतःचाच नंबर असतो, तो फॉन्ट बदलला तरी हलत नाही.

म्हणून आता हे काम करणाऱ्यांना माझं सांगणं:

वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत २२६५ टाईप करून लगेच अल्ट आणि एक्स दाबा, ≥ येतं. ≤ साठी २२६४, ≠ साठी २२६०. वजाबाकीला हायफन नको. तो झेरॉक्समध्ये पुसला जातो. खरं वजाचिन्ह २२१२.

वर्गमूळ, अपूर्णांक, घातांक असतील तर अल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडा. तिथे बॅकस्लॅश, पुढे एसक्यूआरटी आणि स्पेस दिली की √ उमटतं. वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यात केलेली गणितं अजून दिसत असली तरी त्यांच्या भरवशावर राहू नका, नव्याने टाईप करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर उचलून पेपरात चिकटवू नका. वर्डमधून तिथे कॉपी होताना दहाचा पाचवा घात एकशे पाच होऊन येतो. सरांकडून हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो मागवा. छपाईला देताना फॉन्टसकट पीडीएफ द्या.

नव्या मशीनवर मी आधी एक ओळ टाईप करतो: ७६४१ − १४६७ = ६१७४. ६१७४ हा आकडा आपल्या देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांचा. त्यापुढे ≥, ≠, √, थीटा, पाय. मग मुद्दाम पूर्ण ओळीचा फॉन्ट बदलतो. एकही चिन्ह हललं नाही तरच पुढचं काम.

आणि शेवटची गोष्ट. ते सर आजही माझ्याकडे येतात. पहिली प्रत निघाली की मी त्यांच्यासमोर पेन आणि कोरा कागद ठेवतो. गणिताचं प्रूफ मी वाचून घेत नाही, सोडवून घेतो.