लॉग वाचायला बसशील तेव्हा

पोरी, तुझी शिकाऊ उमेदवारी सुरू होतेय आणि तीही शिक्षण न सोडता. आठवड्याचे काही दिवस कॉलेज, बाकीचे दिवस कंपनीच्या सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास अलर्ट बघणाऱ्या त्या खोलीत. आमच्या वेळी ही सोय नव्हती. आम्ही बँकेच्या संगणक विभागात आधी काम केलं आणि त्यामागचं शास्त्र जमेल तसं मागाहून वाचलं. तुला दोन्ही एकाच वेळी मिळणार आहे. माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच की या दोन्हींची तू गाठ मारावीस. कॉलेजचं कॉलेजात आणि ऑफिसचं ऑफिसात ठेवणारी मुलं दोन अर्धवट गोष्टी शिकून बाहेर पडतात.

करार नीट वाच

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये पदवीतच शिकाऊ उमेदवारी बसवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण या सगळ्याच्या मुळाशी आहे तो १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा. त्या कायद्याने तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का, ते स्वतः लॉगिन करून बघ. विद्यावेतनाचा आकडा बघ. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवारासाठी महिना किमान ९,००० रुपये ठरवले होते. तुझं नाव कोणत्या वर्गात घातलंय आणि आजचा दर काय, याची खात्री करून घे. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते, हेही लक्षात ठेव. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही, म्हणून तिथून शिकून काय न्यायचं, याचा विचार पहिल्या दिवसापासून कर.

तुला शिकवणार कोण, त्याचं नाव विचारून घे. महिनाभर नुसत्या एक्सेल शीट भरायला लावल्या तर मनात कुढू नकोस. कॉलेजच्या प्रशिक्षण समन्वयकांना लेखी कळव. ते तुझं गाऱ्हाणं नाही, तुझ्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

नेहमीचं काय ते आधी ओळख

वैद्याला निरोगी नाडी ठाऊक असेल तरच बिघडलेली कळते. तू पहिले काही आठवडे हल्लेखोर शोधण्याच्या मागे लागू नकोस. रोजचं नेटवर्क कसं वागतं ते बघ. बॅकअप रात्री किती वाजता सुरू होतो, पगाराच्या दिवशी कोणत्या सर्व्हरवर गर्दी होते, कोण साहेब परदेशातून लॉगिन करतात, हे सगळं टिपून ठेव.

समज, रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी अलर्ट आला: एका खात्यावर लॉगिन सारखं फसतंय. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ हा इव्हेंट दिसेल, तो फसलेल्या प्रयत्नाचा. लगेच घाबरायचं नाही आणि लगेच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ लिहून टिकीट बंदही करायचं नाही. प्रयत्न कुठून येतोय? आतल्याच एका सर्व्हरवरून. किती वेळाने? बरोबर दर पाच मिनिटांनी. लॉगॉन टाइप कोणता? ४, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. मग जुनी टिकिटं चाळ. त्या खात्याचा पासवर्ड काल बदललाय आणि शेड्यूल केलेल्या कामात जुनाच राहिलाय, असं सापडेल. हा हल्ला नव्हे, पण तो दुरुस्त होईपर्यंत टिकीट उघडं राहू दे.

आता दुसरा प्रकार बघ. बाहेरच्या एकाच पत्त्यावरून पन्नास वेगवेगळ्या खात्यांवर प्रत्येकी एकेकच प्रयत्न झालाय. एकाच खात्यावर फार प्रयत्न केले तर ते लॉक होतं, म्हणून हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर लावून बघतोय. याला पासवर्ड स्प्रे म्हणतात. त्या रांगेत मध्येच एक ४६२४ दिसला, म्हणजे कुठलं तरी लॉगिन लागलं, तर हातातलं काम तिथेच ठेव आणि सीनिअरला फोन कर. मेल लिहीत बसू नकोस, फोनच कर.

दोन्हीकडे आकडा तोच, ४६२५. फरक कळतो तो ‘कोण, कुठून, किती वेळाने’ हे विचारल्यावर.

दोन पानांची वही ठेव

डाव्या पानावर ऑफिसात बघितलेलं आणि न कळलेलं लिही. उजवं पान कोरं सोड आणि ते कॉलेजात भरून आण. उदाहरणार्थ, डावीकडे लिहिशील: ‘४४५ पोर्ट बाहेरून बंद ठेवायचा म्हणतात. का?’ नेटवर्किंगच्या तासाला सरांना विचार. ते सांगतील की विंडोजमधली फाइल शेअरिंगची यंत्रणा याच पोर्टवर चालते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते त्याच यंत्रणेतल्या एका भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. म्हणजे दोन महिने हाताशी होते. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुढचा प्रश्न विचार: आपल्याकडे पॅच आल्यापासून लागेपर्यंत किती दिवस जातात आणि ते नेमके कुठे जातात? असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कुणी नुसतं शीट भरायला बसवत नाही.

उलटही कर. परीक्षेसाठी एन्क्रिप्शन पाठ करत असशील तर तुमच्या ऑफिसातल्या सर्टिफिकेटची मुदत कोण सांभाळतं, ते शोधून काढ. मात्र वहीत पासवर्ड, आयपी पत्ते आणि ग्राहकांची नावं कधी लिहायची नाहीत. वही बसमध्ये राहिली तरी कंपनीचं काही बिघडता कामा नये.

घड्याळ जुळवून घे

बरीच उपकरणं लॉगमध्ये यूटीसी वेळ लिहितात, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. एका लॉगमध्ये रात्रीचे साडेआठ आणि दुसऱ्यात पहाटेचे दोन, हा एकच क्षण असू शकतो. म्हणून घटनाक्रम लिहिताना प्रत्येक वेळेपुढे ती कुठली वेळ आहे ते लिही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. हे सहा तास तुझ्या कामाच्या केंद्रस्थानी आहेत. शिफ्ट संपताना ‘सगळं ठीक’ एवढंच लिहून उठायचं नाही. काय बघितलं, काय बाकी आहे, कुणाला कळवलं, हे हँडओव्हरमध्ये लिही. पुढच्याला नव्याने शोधावं लागलं तर वेळ तुझ्यामुळे गेलेला असतो.

किरकोळ बिघाडाचं कारण विचार

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. स्विफ्टचे, म्हणजे बँका एकमेकींना पैसे पाठवायला सांगतात त्या जाळ्याचे, संदेश आपोआप छापणारा प्रिंटर तेव्हा बंद पडलेला होता आणि तिथल्या माणसांना तो नेहमीचाच बिघाड वाटला. हल्लेखोरांनी साप्ताहिक सुट्टीही अचूक साधली होती. आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचला हल्लेखोरांनी बगल दिली आणि खोटी मंजुरी देणारी यंत्रणा मध्ये घुसवली. मुख्य बँकिंग प्रणालीपर्यंत विचारणा पोचलीच नाही. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्टमार्फत आणखी गेले आणि एकूण आकडा ९४ कोटींवर पोचला. पुण्याची बँक, आपल्या ओळखीपाळखीतल्या माणसांची खाती. त्या बातमीनं माझी झोप उडाली होती.

यातून दोन गोष्टी घे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जास्त सावध राहा. आणि प्रिंटर बंद पडला, लॉग येणं थांबलं, एखादा आकडा जुळेना, तर ‘असं होतंच’ म्हणून सोडू नकोस. शांत झालेलं उपकरण हाही अलर्टच असतो.

बॅकअप परत लावून बघितलाय का, ते विचार

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प केला, तेव्हा न्हावाशेव्याच्या बंदरातल्या टर्मिनलचंही काम अडलं होतं. मर्स्कच्या जगभरच्या डोमेन कंट्रोलरवरची, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरची, माहिती एकमेकांत जुळत राहायची, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानातला एक, कारण तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. डेटाबेसच्या तासाला रेप्लिकेशन शिकशील तेव्हा हे आठव. आपोआप जुळणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप नेटवर्कपासून वेगळा हवा आणि तो परत लावून बघितलेला हवा. ती चाचणी होणार असेल त्या दिवशी मुद्दाम तिथे थांबायची परवानगी माग. अशी संधी वर्षातून फार वेळा येत नाही.

लेखी परवानगीशिवाय हात लावू नकोस

हे सगळ्यांत कळकळीने सांगते. नवीन साधन हातात आलं की ते कॉलेजच्या निकालाच्या पोर्टलवर किंवा सोसायटीच्या वायफायवर चालवून बघावंसं वाटतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हेच उल्लंघन आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी शिकत होते’ हे तिथे चालत नाही. सराव करायचा तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभी कर. सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या सिस्टिम फुकट मिळतात, त्या मनसोक्त फोड. ऑफिसात स्कॅन करायचं असेल तर कुठले पत्ते, किती वाजता, कुणाच्या मंजुरीने, हे मेलवर आल्याखेरीज एंटर दाबायचं नाही.

तोंड आणि मोबाइल, दोन्ही सांभाळ

सॉकमध्ये फोटो काढू नकोस. गळ्यातलं ओळखपत्र आणि मागचा स्क्रीन मिळून बाहेरच्याला खूप काही सांगून जातात. कुठल्या ग्राहकाकडे काय झालं ते घरी आईलाही सांगायचं नाही, मलाही नाही. लॉगची ओळ कळली नाही म्हणून ती उचलून बाहेरच्या चॅटबॉटमध्ये टाकू नकोस, त्यात लोकांची नावं आणि आतले पत्ते असतात. शेजारी बसलेल्या सीनिअरला विचार. विचारायला लाज वाटून घेऊ नकोस. न विचारता बंद केलेलं टिकीट जास्त महाग पडतं.

चूक कळवणाऱ्याला जप

एखाद्या दुपारी अकाउंट्समधले काका फोन करतील: ‘अहो, मी त्या लिंकवर क्लिक केलं, पासवर्डही टाकला.’ आवाज कापत असेल. तुझं पहिलं वाक्य हे असू दे: ‘बरं झालं लगेच सांगितलंत.’ मग शांतपणे विचार की किती वाजता, कुठल्या मशीनवर आणि हाच पासवर्ड आणखी कुठे वापरता का. मेल डिलीट करू नका असं सांग, आपल्याला तो लागतो. तोवर सीनिअरला सांगून खात्याचा पासवर्ड बदलायला लाव आणि चालू असलेली सगळी सेशन बंद करायला लाव, नुसता पासवर्ड बदलून आत शिरलेला बाहेर पडेलच असं नाही.

ज्याला एकदा फाडकन बोललं जातं, तो पुढच्या वेळी गप्प बसतो. मग ती गोष्ट आपल्याला तीन दिवसांनी लॉगमधून कळते आणि तोवर आत शिरलेला सगळं घर फिरून आलेला असतो. लोक तुझ्याकडे न घाबरता येऊ लागले की तुझ्या कंपनीला सगळ्यांत लवकर वाजणारा अलर्ट मिळाला असं समज. तो कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, म्हणून तो तू कॉलेजातल्या मागच्या वर्गातल्या मुलांनाही शिकव.

तुझी,
मावशी