एकदा विकलेल्या गेमवर इतकी वर्षं फुकट काम कोण करतं?

प्रश्न : माझा भाचा 'नो मॅन्स स्काय' नावाचा गेम काही वर्षांपूर्वी विकत घेऊन अजून खेळतोय. दर काही महिन्यांनी त्यात नवी जहाजं, नवे प्राणी, नवी कामं येतात आणि त्याला पुन्हा एक रुपयाही द्यावा लागत नाही. कंपनी अगदी लहान आहे म्हणे. एकदा पैसे हातात पडल्यावर ही माणसं अजून राबतात कशासाठी? त्यांचा खर्च निघतो कुठून? आणि आपल्याकडे कुणी असं काम करतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पैशाच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल. जुन्या गिऱ्हाइकाला फुकट मिळणारा प्रत्येक अपडेट नवी गिऱ्हाइकं घेऊन येतो आणि त्या नव्या विक्रीवर कंपनी चालते. पण 'हॅलो गेम्स'बद्दल एवढंच सांगून थांबलो, तर महत्त्वाचं सांगायचं राहून जाईल. त्यांनी हे काम सुरू केलं तेव्हा हा हिशेब जमेल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. उलट त्या वेळी जगभरातले गेमर त्यांना खोटारडे म्हणत होते.

लंडनच्या नैर्ऋत्येला गिल्डफर्ड नावाचं गाव आहे. आकाराने मोठं नाही, पण गेमच्या धंद्यात त्याचा दबदबा जुना आहे. पीटर मॉलिन्यू यांची 'बुलफ्रॉग', नंतरची 'लायनहेड', मोटारशर्यतींचे 'बर्नआउट' गेम करणारी 'क्रायटेरियन' या सगळ्या कंपन्या इथल्याच. क्रायटेरियनमध्ये काम केलेले शॉन मरे आणि त्यांचे तीन सोबती, ग्रँट डंकन, रायन डॉयल आणि डेव्हिड रीम, यांनी इथेच हॅलो गेम्स काढली. त्यांचा पहिला गेम 'जो डेंजर' २०१० साली आला. मोटारसायकलवर कसरती करणाऱ्या एका स्टंटमनचा हा हसताखेळता गेम. तो पुरा करण्यासाठी मरे यांनी स्वतःचं घर विकलं. गेम चालला, २०१२ साली त्याचा दुसरा भागही आला. इथवरची गोष्ट चांगल्या चाललेल्या कुठल्याही छोट्या स्टुडिओची असू शकते.

मग डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेतल्या एका पुरस्कार सोहळ्यात 'नो मॅन्स स्काय'चा छोटासा ट्रेलर दाखवला गेला. समुद्राच्या तळापासून निघायचं, किनाऱ्यावर यायचं, जहाजात बसायचं आणि मध्ये कुठेही न थांबता थेट अंतराळात शिरून दुसऱ्या ग्रहावर उतरायचं. हे सगळं जेमतेम चार जणांनी गुपचूप उभं केलं होतं. लोक वेडे झाले. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, गिल्डफर्डला पूर आला. ऑफिसात पाणी शिरून संगणक आणि सामानाची नासाडी झाली. तरी काम थांबलं नाही.

चार माणसं विश्व कसं बनवतात, हे इथे सांगायलाच हवं, कारण या कंपनीची सगळी ताकद त्यातच आहे. मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये डोंगर, झाडं, घरं शेकडो कलाकार हाताने बसवतात. हॅलो गेम्सकडे ना तेवढे हात होते, ना तेवढा पैसा. म्हणून त्यांनी ग्रह बनवण्याऐवजी ग्रह बनवणारी गणितं लिहिली. तयार पदार्थ डब्यात भरून ठेवण्याऐवजी फक्त त्याची कृती लिहून ठेवावी, तसं हे आहे. प्रत्येक ग्रहाला एक मूळ आकडा असतो. खेळणारा जवळ पोचला की संगणक तो आकडा गणितात घालतो आणि त्यातून जमिनीचे चढउतार, आकाशाचा रंग, प्राण्यांचे पाय, गवताची उंची असं सगळं त्या क्षणी तयार होतं. खेळणारा निघून गेला की ते पुसलं जातं. पुन्हा आला की तोच आकडा, म्हणून तोच ग्रह. जागा लागते ती फक्त कृती लिहून ठेवण्यापुरती. हा आकडा ६४ बिटांचा असल्याने शक्य ग्रहांची संख्या १८च्या पुढे १८ शून्यं लिहावीत त्याहूनही थोडी जास्त होते. एकेका ग्रहावर एकच सेकंद थांबायचं म्हटलं, तरी सगळे पाहून व्हायला सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील.

ही कल्पना खरोखर विलक्षण आहे आणि तिच्यातच पुढच्या संकटाचं मूळ होतं. इतकं अफाट विश्व म्हटल्यावर त्यात काय काय असेल, याची स्वप्नं लोक आपापली रंगवू लागले. मरे मुलाखती देत राहिले. प्रश्नांना मोकळेपणाने, भरभरून उत्तरं देत राहिले. दुसरा खेळाडू भेटेल का, या प्रश्नावरही त्यांनी होकार दिला होता. सोनीने हा गेम आपल्या व्यासपीठावर मिरवला. प्रकाशन जूनवरून ऑगस्टला ढकललं, तेव्हा मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अपेक्षा कुठल्या थराला गेल्या होत्या, हे एवढ्यावरून कळावं.

९ ऑगस्ट २०१६ला गेम आला. किंमत बड्या कंपन्यांच्या गेमइतकी, ६० डॉलर. तोपर्यंत टीम पंधरा-एक माणसांची झाली होती. पहिल्या एक-दोन दिवसांतच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसलेच नाहीत. ट्रेलरमधले भलेमोठे प्राणी, अंतराळातली भव्य युद्धं, यांतलं बरंचसं सापडेना. पीसीवर सुरुवातीला एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक खेळत होते. काही आठवड्यांत त्यांतले बहुतेक निघून गेले. 'स्टीम' या पीसीवरच्या गेमच्या सगळ्यात मोठ्या दुकानात खरेदीदारांचे अभिप्राय तळाच्या पायरीवर जाऊन पोचले. ब्रिटनच्या जाहिरात नियामकांकडे तक्रारी गेल्या, चौकशी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी निकाल आला की स्टीमच्या पानावरची जाहिरात दिशाभूल करणारी नव्हती. कायद्याने ते सुटले. पण ज्याने ६० डॉलर मोजले, त्याचं समाधान नियामकाच्या निकालाने होत नाही. लोकांचा राग रास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्या रागाने धमक्यांचं जे रूप घेतलं, त्याला कुठलीच सबब नाही.

त्यानंतर कंपनी गप्प झाली. मुलाखत नाही, सोशल मीडियावर खुलासा नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. मिळालेला पैसा घेऊन पुढच्या गेमकडे वळायचं, किंवा खुलाशांवर खुलासे देत बसायचं. हॅलो गेम्सने दोन्ही सोडल्या आणि गेम दुरुस्त करायला घेतला. त्याच नोव्हेंबरात 'फाउंडेशन' हा पहिला मोठा अपडेट आला, त्यात ग्रहावर स्वतःचा तळ बांधता येऊ लागला. २०१७च्या मार्चमध्ये 'पाथफाइंडर', ऑगस्टमध्ये 'अ‍ॅटलस राइझेस'. जुलै २०१८मध्ये 'नेक्स्ट' आला आणि खेळाडू एकमेकांना खरोखर भेटू लागले. ज्या एका गोष्टीवरून सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली, ती गोष्ट जवळजवळ दोन वर्षांनी पुरी झाली. २०१९च्या 'बियाँड'मध्ये व्हीआर चष्मा लावून खेळता येऊ लागलं. या सगळ्याला जुन्या खेळाडूंकडून पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आजवर हा क्रम तुटलेला नाही.

वागण्यातला बदल मला या सगळ्यांत मोठा वाटतो. आधी 'हे येणार, ते येणार' असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. नंतर काम पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा जणू नियमच झाला. बहुतेक वेळा अपडेट येण्याआधी मरे फक्त एक इमोजी टाकतात आणि खेळाडू त्यावरून अंदाज बांधत बसतात. २०१९ साली खेळाडूंनी वर्गणी काढून गिल्डफर्डमध्ये त्यांच्या ऑफिसजवळ आभाराचा जाहिरात फलक लावला आणि उरलेले पैसे सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयाला दिले. २०२०च्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये सतत चालू असलेल्या गेमसाठीचा पुरस्कार आणि २०२२ साली याच अर्थाचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. स्टीमवरचे एकूण अभिप्राय मात्र 'अतिशय चांगले' या पायरीवर यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. गेलेला विश्वास परत यायला आठ वर्षं लागली.

आता हिशेब. डिजिटल गेमची आणखी एक प्रत विकायला कंपनीला जवळजवळ काही खर्च येत नाही. स्टीम विक्रीतले ३० टक्के कापून घेतं (एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर २५, आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के). बाकीचे डेव्हलपरकडे येतात. मोठा अपडेट आला की बातम्या होतात, व्हिडिओ निघतात, बंद केलेला गेम लोक पुन्हा उघडतात, मित्रांना बोलावतात. त्याच सुमाराला किंमत निम्म्यावर आणली की कुंपणावर बसलेले लोक विकत घेतात. शिवाय प्रत्येक नवं यंत्र ही नवी बाजारपेठ. २०१८ साली एक्सबॉक्स, २०२२ साली निन्टेन्डो स्विच, २०२३ साली मॅक, असा हा गेम पसरत गेला. तीस माणसांच्या कंपनीला तेवढी विक्री पुरते, तीन हजारांच्या कंपनीला पुरणार नाही. लहान राहणं हीच त्यांची बचत आहे.

आणखी एक फायदा सहसा बोलला जात नाही. डिसेंबर २०२३मध्ये त्यांनी 'लाइट नो फायर' हा नवा गेम जाहीर केला. अख्ख्या पृथ्वीएवढा एकच ग्रह आणि त्यावर सगळे खेळाडू एकत्र, अशी त्याची कल्पना. त्यासाठी चाललेलं पाण्याचं, वाऱ्याचं, डोंगरांचं काम २०२४ आणि २०२५मधल्या 'वर्ल्ड्स' नावाच्या दोन अपडेटमधून तुमच्या भाच्याच्या गेममध्येही आलं. म्हणजे जुना गेम ही त्यांची प्रयोगशाळाही आहे. नवं तंत्र लाखो खेळाडूंच्या हातात पारखून निघतं आणि खेळाडूला त्याचं फळ लगेच मिळतं. यात दोघांचंही भलं आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण या कहाणीतून चुकीचा धडा घेतला जाताना मी अनेकदा पाहतो. 'आधी अर्धवट विका, मग दुरुस्त करा' हा हॅलो गेम्सच्या यशाचा मंत्र मुळीच नाही. पहिल्या महिन्यात गेम प्रचंड खपला होता, त्या पैशावर त्यांना दोन वर्षं मान खाली घालून काम करता आलं. बहुतेक छोट्या स्टुडिओंकडे असा साठा नसतो. शंभर डॉलर भरले की कुणालाही आपला गेम स्टीमवर ठेवता येतो, त्यामुळे रोज ढिगाने गेम येतात आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी पाठ फिरवली तर दुसरी संधी सहसा मिळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या राजी या मुलीची ही कथा. दुर्गा आणि विष्णू ती कथा सांगतात. वास्तू राजस्थानी वळणाच्या आणि रंगकाम पहाडी चित्रशैलीच्या धर्तीवर हाताने केलेलं. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पुरा झाला आणि ऑगस्ट २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर, ऑक्टोबरात पीसी आणि इतर कन्सोलवर आला. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट स्वतंत्र गेमच्या नामांकनांत तो होता. मोजके तास चालणारा गेम आहे, मारामारीत काही ठिकाणी अडखळतो, पण डोळ्यांना जे दाखवतो ते आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या गेमने त्याआधी दाखवलं नव्हतं. काम तिथेही प्रकाशनापाशी थांबलं नाही. २०२२ साली सुधारित आवृत्ती आली आणि पात्रं हिंदीत बोलू लागली. मराठीत अजून नाही, ही मला मनापासून लागणारी उणीव आहे.

तुमचा भाचा यापुढे एखादा नवा गेम घेणार असेल, तर त्याला ट्रेलरवर न जाता स्टीमवर 'अलीकडचे अभिप्राय' वेगळे दिसतात ते वाचायला सांगा. घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात, हेही त्याला सांगून ठेवा. आणि पुढची खरेदी 'राजी'ची होऊ द्या. छोट्या स्टुडिओचा पुढचा गेम याच खरेदीतून उभा राहतो.