गॅमा किरणांच्या पार्श्वभूमीत कृष्णद्रव्याचा शोध

विश्वातलं सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसतच नाही. हेच कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर. गुरुत्वाकर्षणामुळे ते आहे एवढं कळतं; पण ते कशाचं बनलंय? एक कल्पना अशी, की त्याचे दोन कण एकमेकांना भेटले की दोन्ही नष्ट होतात आणि त्यातून गॅमा किरण निघतात.

नासाने २००८ मध्ये सोडलेली फर्मी दुर्बीण हे किरण टिपते. अडचण अशी, की गॅमा किरण पल्सार ताऱ्यांतून, दूरच्या दीर्घिकांतून, वायूच्या ढगांतूनही येतात. म्हणून आधी त्यांचा वाटा वजा करायचा आणि मग काय उरतं ते बघायचं.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे अशी वजाबाकी केली, तर थोडे किरण खरंच जास्त उरतात. ते कृष्णद्रव्याचे, की वेगवेगळे न दिसणाऱ्या असंख्य पल्सारांचे? हा वाद २००९ पासून चालू आहे. पडताळा घ्यायला छोट्या बटुदीर्घिका चांगल्या. तिथे कृष्णद्रव्य भरपूर, इतर स्रोत फार थोडे. पण तिथून अजून खात्रीचा संकेत मिळालेला नाही.

लक्षात ठेवा, उत्तर बरोबर यायला वजा केलेली संख्याही बरोबर हवी. इथे खरी परीक्षा तिचीच आहे.