शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक : प्रचार आणि जबाबदारी

(बी. ए. भाग 2)

निवडणूक म्हटली की ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद नाहीतर विधानसभा आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यातले पहिले मत टाकले ते शाळेत, शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत. मोठी माणसे या निवडणुकीला पोरखेळ समजतात. मला मात्र तसे वाटत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मतदानाची व्याख्या कळते. मत मागणे, मत देणे आणि दिलेला शब्द पाळणे या तीन गोष्टी किती अवघड आहेत, हे प्रत्यक्ष निवडणुकीतच कळते. या लेखात शाळेतील निवडणुकीचा प्रचार कसा चालतो, त्यातून काय शिकता येते आणि त्या शिक्षणाचे पुढे महाविद्यालयात काय होते, याचा विचार करावयाचा आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जूनअखेर शाळा उघडतात. जुलैत वर्ग स्थिरस्थावर झाले की सूचनाफलकावर निवडणुकीचा कार्यक्रम लागतो. मुख्यमंत्री (काही शाळांत पंतप्रधान), शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री, सहलमंत्री अशी पदे असतात. सामाजिक शास्त्राचे शिक्षक बहुधा निवडणूक निर्णय अधिकारी होतात. उमेदवारी अर्ज, सूचक व अनुमोदक यांच्या सह्या, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मतमोजणी आणि शेवटी शपथविधी, असा सगळा क्रम मोठ्या निवडणुकीसारखाच असतो. मोठ्या निवडणुकीत 1962 पासून म्हैसूरच्या कारखान्यातील शाई बोटाला लागते; शाळेत स्केचपेनची रेघ पुरते. अलीकडे काही शाळांत मतपत्रिकेऐवजी मोबाईलचेच मतदान यंत्र करतात.

निवडणुकीच्या दोन पद्धती दिसतात. एका पद्धतीत प्रत्येक तुकडी आपला प्रतिनिधी निवडते आणि ते प्रतिनिधी मिळून मुख्यमंत्री निवडतात. दुसऱ्या पद्धतीत सर्व विद्यार्थी थेट मत देतात. प्रचाराचे गणित या दोन पद्धतींत अगदी वेगळे होते. समजा, एका मोठ्या शाळेत पाचवी ते दहावी प्रत्येकी चार तुकड्या आणि तुकडीत 60 विद्यार्थी आहेत. म्हणजे 24 तुकड्या व 1440 मतदार. अप्रत्यक्ष पद्धतीत 13 प्रतिनिधी आपल्या बाजूला आले की बहुमत झाले. तेथे प्रचार म्हणजे दहाबारा जणांची मनधरणी. थेट पद्धतीत मात्र 1440 जणांपर्यंत पोचावे लागते. उमेदवार चार असतील तर मते विभागतात आणि 361 मते मिळवणाराही निवडून येऊ शकतो. म्हणजे चारांपैकी तिघांना जो नको होता, तोच सर्वांचा मुख्यमंत्री होतो. मोठ्या निवडणुकीतही हेच घडते, हे मला प्रथम शाळेत समजले.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पाचवी ते सातवीच्या 12 तुकड्या म्हणजे बरोबर निम्मे मतदार. पण उमेदवार नववी-दहावीचे असतात आणि प्रचारही ते आपल्या बरोबरीच्या मुलांतच करतात. लहान वर्गांत जाणे त्यांना कमीपणाचे वाटते.

मी नववीत असताना आमच्याच एस.टी.ने येणाऱ्या दहावीच्या एका मुलीची सूचक होते. गावाकडून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, म्हणून तर आमच्यासारख्या कितीतरी जणी तालुक्याच्या शाळेत पोचल्या. परंतु बसने येणाऱ्या मुलांची शाळेत एक अडचण असते : घंटा झाली की त्यांना धावावे लागते. खेळ, स्नेहसंमेलनाची तालीम, जादा तास, सगळे बस सुटण्याच्या वेळेनंतर. त्यामुळे पदे सहसा गावातच राहणाऱ्या मुलांकडे जात. ती मुले वाईट होती असे नाही. आमची अडचण त्यांच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते, एवढेच. ज्याला बस पकडायची नाही, त्याला बसची वेळ आठवत नाही.

आमच्याजवळ प्रचाराला पैसा नव्हता. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर फलक रंगवले. चिठ्ठी टाकून चिन्ह मिळाले ते छत्री. दिवस पावसाचे असल्यामुळे आमचे चिन्ह निम्म्या शाळेच्या हातात आपोआपच होते! चिन्हाचे महत्त्व मात्र गमतीचे नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले होते. वाचता न येणाऱ्यालाही मत देता यावे, हा त्यामागचा विचार. माझ्या आजीने आयुष्यभर चिन्ह पाहूनच मत दिले आणि ते कोणाला दिले हे घरात कधीही सांगितले नाही. गुप्त मतदान म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकले.

मधल्या सुट्टीत आम्ही रोज दोन तुकड्या करीत असू, त्याही पाचवीपासून. एका वर्गात एका लहान मुलाने विचारले, "ताई, निवडून आल्यावर बी येशीन का इकडे?" प्रचारात विचारले जाणारे सर्व प्रश्न या एका प्रश्नात येतात, असे मला वाटते.

आता आश्वासनांविषयी. शाळेच्या निवडणुकीत आश्वासने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार मंत्रिमंडळाच्या हातातला : पाण्याच्या टाकीजवळची रांग, ग्रंथालयाची पुस्तके वर्गात पोचवणे, परिपाठाची पाळी. दुसरा प्रकार मुख्याध्यापकांच्या हातातला : तासांच्या वेळा, मैदान, प्रयोगशाळा. तिसरा प्रकार कोणाच्याच हातात नसलेला : गृहपाठ बंद, रोज खेळाचा तास, सहल थेट महाबळेश्वरला. तिसऱ्या प्रकाराला टाळ्या सर्वांत जास्त मिळतात. आमच्या उमेदवाराने पहिल्या प्रकारासाठी "करीन" आणि दुसऱ्यासाठी "मागणी मांडीन" असे दोन निराळे शब्द वापरायचे ठरवले. तिसरा प्रकार तिने सोडून दिला. मैत्रिणी म्हणाल्या, अशाने मते जातील. काही गेलीही असतील. पण "करीन" आणि "मांडीन" यांतील फरक ज्याला कळतो, त्याला लोकशाहीतील अधिकारांची विभागणी निराळी शिकवावी लागत नाही.

प्रचारात कडू गोष्टीही दिसल्या. कोणी गोळ्या वाटल्या. कोणी "आपल्या गावचा", कोणी "आपल्या समाजाचा" म्हणून मत मागितले. "मुख्यमंत्री मुलगीच कशाला? तिला सांस्कृतिक द्या," असेही ऐकू आले. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये अमलात येऊन पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. ज्यांच्या गावात सरपंच बाई आहेत, अशा मुलांच्या तोंडीही हे वाक्य होते. कायदा गावात पोचला तरी मनात पोचायला वेळ लागतो.

आमची उमेदवार थोड्या मतांनी निवडून आली. लहान वर्गांनी तिला तारले. टाकीवर पाचवी-सहावीला पहिली पाच मिनिटे देण्याचा नियम पहिल्याच आठवड्यात झाला. त्याला पैसा लागला नाही, फक्त दोन मुलांची पाळी लागली. जादा तास शाळेनंतर न घेता शाळेपूर्वी घ्यावेत, ही मागणी सह्यांसह मांडली. ती दिवाळीनंतर मान्य झाली. यात क्रांती काहीच नाही. परंतु बसने येणारी मुले त्या वर्षी प्रथमच जादा तासाला शेवटपर्यंत बसली.

आता महाविद्यालयाकडे वळू. महाराष्ट्रात पूर्वी महाविद्यालयांत खुल्या निवडणुका होत. त्यांत बाहेरचा पैसा आणि दांडगाई शिरली. 1989 मध्ये मुंबईत अशाच वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी मागील परीक्षेतील गुणांवरून नेमण्याची पद्धत आली. 2006 मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या : उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत, छापील फलक नाहीत, हाताने केलेलेच, आणि हजेरी किमान 75 टक्के. पुढे 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुका पुन्हा आल्या. 2019 मध्ये त्या होणार असे जाहीर झाले, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे गेल्या आणि 2020 मध्ये कोरोनाने महाविद्यालयेच बंद केली. मी महाविद्यालयात आल्यापासून वर्गप्रतिनिधीसाठी मतदान झालेले पाहिले नाही.

गुणांवरून नेमणूक करण्यात एक सोय आहे : भांडण होत नाही. पहिला येणारा विद्यार्थी हुशार असतो, यातही वाद नाही. परंतु प्रतिनिधी म्हणजे बक्षीस नव्हे. गुणवान विद्यार्थी वर्गाचे भूषण होऊ शकतो. त्याला वर्गाचा आवाज व्हायचे असेल तर वर्गाने त्याला प्रश्न विचारलेले असले पाहिजेत. नेमलेल्याला "निवडून आल्यावर इकडे येशीन का?" असे कोणी विचारू शकत नाही. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 पासून मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. म्हणजे खासदार निवडण्यास आपण पात्र आहोत. बाराव्या वर्षी शाळेचा मुख्यमंत्री निवडलेल्या विद्यार्थ्याला एकोणिसाव्या वर्षी वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, ही विसंगती प्राध्यापकांनाही खटकत असेल.

निवडणुकीतील दांडगाईची भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय मात्र शाळेत पाहिलेलाच आहे. हाताने रंगवलेला फलक, मधल्या सुट्टीपुरता प्रचार, एका व्यासपीठावर सर्व उमेदवारांची भाषणे, आणि "करीन" व "मांडीन" वेगळे लिहून द्यावयाचा जाहीरनामा, एवढे नियम पाळले तर बाहेरच्या पैशाला आत शिरायला जागा राहत नाही. खुल्या निवडणुका येतील तेव्हा येतील. तोपर्यंत प्रत्येक वर्गाने महिन्यातून एकदा आपल्या प्रतिनिधीला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारावेत, त्याने काय मांडले आणि त्याचे काय झाले हे ऐकावे. याला कायद्याची परवानगी लागत नाही. आणि हे प्रश्न विचारण्याची सुरुवात शेवटच्या बाकावरून, बसची वाट पाहणाऱ्यांकडून व्हावी, एवढीच माझी विनंती आहे.