बारा तासांची ड्युटी आणि खर्डीकराची झोप

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव, आटगाव आणि तानशेत मागे टाकल्यावर येणारे खर्डी हे शहापूर तालुक्यातील गाव मूळचे भातशेतीचे असले, तरी येथील आणि भोवतालच्या पाड्यांतील अनेक कुटुंबांची चूल आज कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबईतील नोकरीवर पेटते. त्यामुळे कामाचे तास वाढले की झोपेचे काय होते, या प्रश्नाचा विचार येथे लोकलचे वेळापत्रक बाजूला ठेवून करता येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि मधल्या सुट्टीसह कामगाराला साडेदहा तासांहून अधिक काळ कारखान्यात गुंतवून ठेवता येणार नाही, अशीही तरतूद केली. मात्र ही सारी मोजणी हजेरी लागल्यापासून सुरू होते आणि सुटीच्या भोंग्याला संपते. घर ते कारखाना हे अंतर तिच्यात कोठेही धरलेले नाही.

ते अंतर धरले की चित्र पालटते. घरातून निघून खर्डी स्थानक गाठणे, लोकलमधील दोन तासांहून अधिकचा प्रवास आणि उतरल्यावर कामाच्या जागेपर्यंतची पायपीट किंवा बस यांत एका बाजूचे तीन तास सहज जातात, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास होतात. आठ तासांची पाळी आणि अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी धरली, तर चोवीस तासांतून साडेनऊ तास उरतात व त्यांत ओढाताणीने का होईना, सात तासांची झोप बसते. सुरक्षारक्षक, गोदामातील कामगार किंवा रुग्णालयातील कंत्राटी कर्मचारी यांच्या वाट्याला येणारी बारा तासांची ड्युटी धरली, तर अवघे सहा तास उरतात. अंघोळ, जेवण, मुलांची विचारपूस आणि झोप हे सर्व त्या सहा तासांतच उरकावे लागते. पगार, गाडी आणि पाळी यांपैकी काहीही कामगाराच्या हातात नसते, म्हणून कात्री लागते ती झोपेलाच.

प्रस्तुत लेखकाने खर्डीहून ये-जा करीत मुंबईतील एका खासगी आस्थापनेत अशी ड्युटी केलेली असून, त्या अनुभवातून हाती आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की अपुऱ्या झोपेचा खरा धोका थकवा जाणवण्यात नसून तो जाणवेनासा होण्यात आहे. सुरुवातीच्या महिन्यांत डोळे चुरचुरतात, अंग मोडून येते. त्यानंतर ‘आता सवय झाली’ असे वाटू लागते आणि घरचेही तसेच समजून चालतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज सहा तासच झोपू दिलेल्या व्यक्तींची सावधानता दोन आठवड्यांत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली, मात्र आपण फारसे पेंगुळलेलो नाही, असेच त्या व्यक्ती सांगत राहिल्या. सवय होते ती जाणिवेला. मेंदूची उणीव तशीच साठत राहते, आणि या साठणाऱ्या उणिवेलाच झोपेचे कर्ज म्हटले जाते.

हे कर्ज प्रथम उघडे पडते ते परतीच्या गाडीत. पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन, खिडकीच्या गजाला डोके टेकवून बसलेला माणूस शेजाऱ्याला ‘खर्डी आली की उठवा’ असे सांगून ठेवतो. शेजारी टिटवाळ्याला किंवा आसनगावला उतरून जातो, आणि याचे डोळे उघडतात तेव्हा उंबरमाळी मागे पडून गाडी कसाऱ्याच्या फलाटाला लागलेली असते. उलट्या गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ पुन्हा त्याच रात्रीच्या झोपेतून वजा होतो. कामावरही तेच घडते: वहीत एकाच वाहनाचा क्रमांक दोनदा लिहिला जातो, निरोप अर्धवट कानी पडतो, आणि साध्या बोलण्यावर खेकसून उत्तर दिले जाते. गाडीतील डुलकी निरुपयोगी नसते, परंतु दर स्थानकावरील थांबा, उद्घोषणा आणि दारातील रेटारेटी यांमुळे ती गाढ झोपेच्या टप्प्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून ती रात्रीच्या झोपेच्या हिशेबात धरू नये.

रात्रपाळीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. माणसाची झोप दोन गोष्टींवर चालते: जागेपणाच्या तासांबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठून वाढणारा झोपेचा दाब, आणि उजेड-अंधारानुसार चालणारे शरीराचे अंतर्गत घड्याळ. सकाळी घरी परतलेल्या कामगाराचा झोपेचा दाब पुरेपूर असला, तरी उन्हामुळे घड्याळ ‘जाग’ असेच सांगत असते, आणि त्यामुळे दिवसाची झोप तुटक व आखूड होते. स्त्री कर्मचाऱ्यांची स्थिती तर याहून बिकट आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात असूनही येथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि पाणी भरणे व स्वयंपाक ही कामे बाईच्याच माथी असल्याने तिची झोप दोन्ही टोकांनी कापली जाते. या अन्यायाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. कामाचे तास मर्यादित असावेत ही मागणीही ठाणे जिल्ह्याला परकी नाही. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली, व त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली.

अशा पाळीत असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वाचकांनी काही पथ्ये कसोशीने पाळावीत. सलग कमी झोप झालेल्या आठवड्यात स्थानकावरून घरी जाताना मोटारसायकल हाती घेऊ नये, कारण महामार्गावर एक-दोन सेकंदांची डुलकीही जीव घेते. शेअर रिक्षाचे पैसे येथे वाचवण्यासारखे नाहीत. पाळी संपण्याआधीच्या पाच-सहा तासांत चहा टाळावा. रात्रपाळीनंतर झोपण्याच्या खोलीची खिडकी जाड कापडाने झाकावी, आणि त्या वेळात उठवायचे नाही हे घरच्यांशी ठरवून घ्यावे. साप्ताहिक सुट्टी जादा कामासाठी विकू नये. पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येत असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडत असल्याचे घरच्यांच्या लक्षात आले असेल, तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तो केवळ कामाचा शीण नसतो. आणि बारा तासांच्या पाळीचे संमतीपत्र समोर येईल, तेव्हा घरातून निघण्यापासून घरी परतण्यापर्यंतचे तास मांडून झोपेला किती उरतात ते आधी पाहावे. सातांहून कमी उरत असतील, तर एकट्याने नव्हे, पाळीतील सर्वांनी मिळून ती सही नाकारावी.