धोक्याची खूण आणि ठरलेली कृती

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास व गणित यांचा संयुक्त पाठ)

हेतू : पर्जन्यकाळातील संकटाची खूण ओळखणे, व ती दिसताच काय करावयाचे हे आधीच ठरवून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.

प्रस्तावना : पाऊस हा आपल्या जिल्ह्यातील मुलांस नवा विषय नाही. म्हणून पाठाचा आरंभ पावसाच्या वर्णनाने न करता एका प्रश्नाने करावा. ‘वहाळाचे पाणी वाढताना दिसले, तर पहिली गोष्ट कोणी व कोणती करावयाची?’ येतील ती उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. पाठाच्या शेवटी त्यांचा उपयोग होईल.

विषयप्रतिपादन : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव या नद्यांच्या पुराने चिपळूण शहर वेढले. बाजारपेठ बुडाली, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, रस्ते बंद पडल्याने बाहेरील मदत पोहोचण्यास विलंब लागला. एस. टी. आगाराच्या व्यवस्थापकांनी आगाराची रोकड सांभाळत गाडीच्या टपावर कित्येक तास काढले. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण नगरवासीयांस होती. परंतु या वेळचे पाणी त्याहूनही वर चढले.

त्याच दिवशी, त्याच वाशिष्ठीवर, चिपळूण व कामथे या स्थानकांमधील रेल्वेपुलापाशी पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली. तत्काळ कोकण रेल्वेच्या गाड्या ठिकठिकाणी थांबविण्यात आल्या. प्रवाशांचे हाल झाले. परंतु त्यांचे प्राण सुरक्षित राहिले.

हे शहाणपण रेल्वेस सहज लाभलेले नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ पुन्हा तसाच अपघात घडला. त्यानंतर दरडींचे उतार कमी करण्यात आले, जाळ्या बसल्या, पावसाळ्यात रुळांवर गस्त वाढली. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी, तर रत्नागिरीजवळील पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. जोराच्या पावसात पुढचे दिसेनासे झाले, तर गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणावा, असा नियम आहे. येथे मुख्य मुद्दा मुलांच्या मनावर ठसवावा : यंत्र केवळ खूण दाखविते, रक्षण होते ते खुणेस जोडलेल्या नियमामुळे.

याची दुसरी बाजूही सांगावी. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाची गळती गावकऱ्यांच्या दृष्टीस आधीच पडली होती. तथापि २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले, तेव्हा खालच्या भेंदवाडीतील माणसे घरांतच होती. खूण दिसली होती. तिच्या मागोमाग घर सोडण्याची आज्ञा मात्र आली नव्हती.

शहर काही आगगाडीप्रमाणे थांबविता येत नाही, हे खरे. परंतु शाळा थांबविता येते, आणि तो निर्णय बहुधा शिक्षकासच करावा लागतो.

उपयोजन : साकव ओलांडून येणारी मुले असतील, तेथे पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या साहाय्याने साकवाच्या खांबावर दुरून दिसतील असे दोन पट्टे रंगवून घ्यावेत. तांबडा पट्टा फळीच्या बराच खाली असावा. पाणी तेथवर आले, की कोणीही साकवावर पाय ठेवावयाचा नाही. पिवळा पट्टा त्याहून खाली. पाणी त्यास लागताच शाळा सोडावयाची.

दोहोंमधील अंतर मुलांकडून काढून घ्यावे. समजा, पाणी १५ मिनिटांत १० सेंटिमीटर चढते आणि सर्वांत मागे राहणाऱ्या मुलास साकवापार जाण्यास ४५ मिनिटे लागतात. तर अंतर किमान ३० सेंटिमीटर हवे. मुले येथे थांबतील. त्यांस चिपळूणची आठवण द्यावी : मागचा पूर ही पुढच्या पुराची मर्यादा नव्हे. म्हणून अंतर दुप्पट, ६० सेंटिमीटर ठेवावे.

पाणी तांबड्या पट्ट्यावर गेल्यास मुले अलीकडेच थांबतील. ती कोणत्या घरी राहतील, हे जूनमधील पालकसभेत ठरवावे, आणि मुलास आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये, हे स्पष्ट सांगावे. दूरध्वनी बंद पडण्याचा संभव असल्याने शाळेच्या घंटेचा एक ठोका-संकेत ठरवावा. पट्टा पाहण्याचे काम एका प्रौढ व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे; मुलांस त्यासाठी कधीही पाठवू नये. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ व तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अंकांत लिहावेत. हजेरीपट व दाखल्यांची नोंदवही सर्वांत वरच्या फळीवर ठेवावी.

उजळणी : आरंभी फळ्यावर लिहिलेली उत्तरे आता पुन्हा वाचावीत. ज्या उत्तरात करणाऱ्याचे नाव नाही, किंवा केव्हा करावयाचे ते नाही, ते मुलांकडूनच दुरुस्त करवून घ्यावे. सर्व वर्ग एकच उत्तर देऊ लागला, म्हणजे पाठ पुरा झाला असे समजावे.